बाप हसला म्हणून पोर मेलीच नाही?

रविवारी सकाळी रावेरहून आबांचा फॉरवर्ड आला. आबा म्हणजे माझे मोठे काका. केळी, मका आणि व्हॉट्सॲप, तिन्ही जोरात. मराठी आवाज दिलेला व्हिडिओ होता: ॲलेक्स जोन्स नावाचा अमेरिकेतला 'निर्भीड पत्रकार' खरं बोलला, म्हणून बारा हजार कोटींचा दंड ठोकून त्याला संपवलं. मी फोन करून खोटं आहे म्हटलं, तर म्हणाले, "तुले काय समजस वं माय!" मग आता लिहूनच सांगते.

व्हिडिओ म्हणतो, सँडी हूक शाळेतला गोळीबार नाटक होता, आणि पुरावा काय, तर मेलेल्या मुलीचा बाप कॅमेऱ्यासमोर येण्याआधी हसला. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकटमधल्या त्या शाळेत पहिलीतली २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. जोन्स वर्षानुवर्षं ते हसू दाखवून आईबापांना 'नट' म्हणत राहिला. आबा, आजीच्या दहाव्याला मुंडण करून बसलेले तुम्हीच ना, भरताच्या वांग्यांवरून तिचं शेजारणीशी झालेलं भांडण आठवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात? तेव्हा कोणी व्हिडिओ काढला असता तर? तिकडे ऐकणाऱ्यांनी त्या आईबापांना धमक्या दिल्या. एका मेलेल्या मुलाच्या बापाला धमकावल्याबद्दल फ्लोरिडातल्या बाईला २०१७ मध्ये तुरुंगवास झाला. शेवटी आईबापांनी टेक्सस आणि कनेक्टिकट या दोन राज्यांत जोन्सवर बदनामीचे खटले भरले. आणि ज्याच्यासाठी तुम्ही माझ्याशी भांडताय, तो जोन्स ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्ससच्या कोर्टात शपथेवर काय म्हणाला? ती घटना शंभर टक्के खरी आहे! त्यानंच मान्य केलं, तुम्ही अजून नाटकातच बसलाय.

'कोर्टानं त्याची बाजूच ऐकली नाही' हे व्हिडिओतलं म्हणणंही अर्धवट. कागदपत्रं द्या म्हणून कोर्ट वारंवार सांगत राहिलं, यानं दिली नाहीत. म्हणून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांत निकाल त्याच्याविरुद्ध लागला. भरपाई किती एवढंच ज्यूरीनं (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळानं) ठरवायचं राहिलं, आणि तेव्हाही तो साक्षीला उभा होता. सँडी हूकबद्दल आपल्या फोनवर मेसेज सापडले नाहीत असं सांगून बसलेला. मग कळलं, त्याच्याच वकिलानं चुकून अख्ख्या फोनची नक्कल समोरच्या वकिलाला पाठवली होती, आणि मेसेज त्यात होते. (चुकीच्या माणसाला फॉरवर्ड करण्यात आबा एकटे नाहीत.) कनेक्टिकटमध्ये आकडा १४४ कोटी डॉलरच्या घरात गेला. तो सरकारी दंड नव्हे, आईबापांसकट त्रास झालेल्यांना द्यायची भरपाई आहे.

'तोंड बंद केलं' म्हणे. फेसबुक, यूट्यूब, ॲपलनं २०१८ मध्ये काढलं खरं, पण डिसेंबर २०२३ पासून तो एक्सवर परत आहे.

'निर्भीड पत्रकार' तर सोडाच. मुलांच्या ताब्याच्या खटल्यात, २०१७ मध्ये, त्याच्याच वकिलानं सांगितलं की तो भूमिका वठवणारा कलाकार आहे. बातम्यांमध्ये स्वतःच्या दुकानाच्या गोळ्या-पावडरी विकायचा. २०२० मध्ये त्याची टूथपेस्ट कोरोनावर चालते असं सांगणं थांबव, असं न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनं (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यानं) बजावलं.

राहिलं बेडकांचं. पाण्यातल्या रसायनांनी बेडूक समलिंगी होतात, हा जोन्सचा आणखी एक गाजलेला दावा. इथे नाइलाजानं थोडं मान्य करावं लागतंय. ॲट्राझीन या तणनाशकानं नर बेडकांवर परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ टायरोन हेज यांनी २०१० मध्ये प्रयोगानं दाखवलं. जनुकानं नर असलेल्या ४० बेडकांपैकी काही चक्क मादी होऊन अंडी घालायला लागले. जोन्सनं त्यावर 'सरकार माणसांना समलिंगी करतंय' असा मसाला टाकला, तो मात्र निव्वळ बनाव.

पण आबा, तुमच्या मक्यात तण मारायला जे फवारता ना, त्या डब्यावरचं नाव एकदा चष्मा लावून वाचा. ॲट्राझीनच आहे ते. गडी फवारायला गेला की तोंडाला रुमाल आणि हातात मोजे आहेत का, तेवढं बघा.