चेहरा सांभाळणं अवघड

आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, वय ८४. रोज रात्री झोपायच्या आधी ते विचारतात, "कडी लावलीस का रे?" मी म्हणतो, लावली. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मागच्या श्रावणात एका रात्री त्यांनी चौथ्यांदा विचारलं, तेव्हा टीव्हीवरची नजरही न हलवता मी म्हणालो, "लावलीय म्हणून सांगितलं ना!" शब्दांत तसं वावगं काही नव्हतं. दादा गप्प झाले. थोड्या वेळानं पाणी प्यायला उठलो, तर ते अंधारात भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले होते आणि कडी चाचपून बघत होते. मला कळू नये म्हणून दिवासुद्धा लावला नव्हता.

त्या दिवसांत मी 'लुन्यू' वाचत होतो. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) आणि त्याच्या शिष्यांच्या संवादांचा हा संग्रह. चिनी मला येत नाही, भाषांतरं शेजारी ठेवून वाचतो. दुसऱ्या प्रकरणात चौघे जण एकामागून एक त्याला एकच गोष्ट विचारतात: 'श्याव' म्हणजे काय? आपण त्याला मातृपितृभक्ती म्हणून मोकळे होतो. कन्फ्यूशियस चौघांना चार वेगळी उत्तरं देतो. त्झेयूला म्हणतो, हल्ली आईबापांना पोसलं की श्याव झालं असं लोक समजतात. पण पोसतात तर कुत्र्या-घोड्यांनाही. आदर नसेल तर फरक काय राहिला? आणि त्झेशियाला दिलेल्या उत्तराची सुरुवात मूळ चिनीत फक्त दोन अक्षरांची आहे. चेहरा, अवघड. पुढे म्हणतो, काम निघालं की धाकट्यांनी अंगावर घेतलं, जेवण असलं की थोरांना आधी वाढलं, एवढ्यानं श्याव होतं का?

हे वाचून मी पुस्तक मिटलं. दादांची औषधं, डॉक्टर, पथ्य, यांत मी कधी कसूर केलेली नाही. या बाबतीत कुणी बोट दाखवू शकणार नाही असं मला वाटायचं. पण त्या यादीत चेहरा कुठे होता?

या दोन अक्षरांचा अर्थ लावताना जुन्या भाष्यकारांचंही एकमत नाही. कुणी म्हणतं, आईवडिलांचा चेहरा वाचून त्याप्रमाणे वागणं अवघड. बाराव्या शतकातला चू शी म्हणतो, मुलानं स्वतःचा चेहरा प्रसन्न ठेवणं अवघड, कारण आत खरी माया असेल तरच ती चेहऱ्यावर येते. त्या रात्री माझं दोन्हीकडे चुकलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नाही आणि माझा त्यांना बघायला मिळाला नाही.

आता शब्दांबद्दल थोडं, कारण भाषांतरात फार काही सांडतं. कन्फ्यूशियसच्या विचाराचा गाभा 'रेन'. त्याला कुणी दया म्हणतं, कुणी परोपकार. मला वाटतं, मराठीत त्याला अस्सल शब्द आहे: माणुसकी. चिनीत माणसालाही रेनच म्हणतात, उच्चार तोच. लिहिताना मात्र या रेनच्या अक्षरात डावीकडे माणूस आणि उजवीकडे 'दोन'चं चिन्ह असतं. कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला नंतरचा विचारवंत मेन्शियस तर सरळ सांगतो की रेन म्हणजे माणूस. आपणही 'माणूस'पासूनच 'माणुसकी' केली. दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. माणुसकीत दोघं समोरासमोर असतात.

दुसरा शब्द 'ली'. त्याचं भाषांतर 'कर्मकांड' केलं की आपल्याकडचा वाचक तिथूनच मागे फिरतो. मला 'रीत' जवळचा वाटतो. त्झेकुंग नावाचा शिष्य अमावास्येनंतरच्या विधीत बळी जाणारी मेंढी वाचवायला निघतो. कन्फ्यूशियस त्याला म्हणतो, तुला मेंढीचं प्रेम, मला रीतीचं. इथे मी त्झेकुंगच्या बाजूचा आहे आणि राहीन. पण रीतीबद्दलचा कन्फ्यूशियसचा हट्ट मला आता कळतो. कुणाला काय दिलं यापेक्षा ते कसं दिलं, वाटी ठेवली की आदळली, याची काळजी म्हणजे ली. पुढे याच परंपरेतल्या शुन्झी या विचारवंतानं वाकड्या लाकडाचा दाखला दिला: वाफेवर धरून, साच्यात दाबून ते सरळ करावं लागतं, तसाच माणूसही. म्हणजे मनात माया दाटून येईपर्यंत थांबायचं नाही. आधी उठायचं, जवळ जायचं, खाली बसून बोलायचं. शरीराला सवय लागली की मनही मागोमाग येतं. माझ्यासारख्याला यातच आशा दिसते.

श्यावच्या नावाखाली काय काय झालं हे मला माहीत आहे. आज्ञापालनाचा हा जोखड शतकानुशतकं मुलींच्या आणि सुनांच्या मानेवर राहिला. १९१९च्या सुमारास चीनमधल्या शिकलेल्या तरुणांनी कन्फ्यूशियसवर उघड हल्ला चढवला तो उगाच नाही. आमच्या घरीही दादांच्या सेवेतलं निम्म्याहून जास्त काम माझी बायको करते आणि कौतुक मात्र माझं होतं, हे इथे लिहायलाच हवं. पण 'लुन्यू'तच असंही आहे की आईवडील चुकत असतील तर त्यांना हळुवारपणे सांगावं. हुकूम झेलणं म्हणजे श्याव, हे त्या पुस्तकाचं सगळं म्हणणं नाही.

कन्फ्यूशियसच्या विचारांना विरोध करणाऱ्या मोत्झू या प्राचीन चिनी विचारवंताचा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. सगळ्यांवर सारखं प्रेम का नको, आपल्याच बापाचं एवढं काय? मेन्शियस त्याच्यावर चिडून म्हणाला की हा तर बापच न मानणारा माणूस. त्या चिडण्यात उत्तर सापडत नाही.

कायद्यानं हे होईल असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही. आपल्याकडे २००७ साली आईवडिलांच्या पोटगीचा कायदा आला. चीनमध्ये २०१३ पासून दूर राहणाऱ्या मुलांनी वृद्ध आईवडिलांना वरचेवर भेटावं, असं कायद्यातच लिहिलं आहे. दोन्ही हवेत, कारण टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांना दारात उभं राहायला काहीतरी आधार लागतो. पण त्झेयूला दिलेलं उत्तर कुठल्याही कलमात बसत नाही. पोटगी दर महिन्याला खात्यात जमा होऊ शकते आणि तरी घोड्याला चारा घातल्यासारखीच असू शकते.

झाय वो नावाचा एक शिष्य विचारतो, आईवडिलांसाठी तीन वर्षं सुतक कशाला, एक पुरे. कन्फ्यूशियस त्याला म्हणतो, तुझ्या मनाला स्वस्थ वाटत असेल तर तसं कर. तो निघून गेल्यावर मात्र म्हणतो, याच्यात माणुसकी नाही. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईबापांच्या अंगाखांद्यावर असतं. मला त्या वयातलं अर्थातच काही आठवत नाही. दादांना आठवतं. मी म्हणे रात्री अंधाराला घाबरायचो आणि कडी लावली का, असं पुन्हा पुन्हा विचारायचो. हे त्यांनी मागच्या महिन्यात सांगितलं, मी त्यांचा हात धरून दारापर्यंत नेलं तेव्हा.

आता बहुतेक रात्री आम्ही दोघं जातो, ते कडी हलवून बघतात. मग झोपतात. काल ऑफिसचं काम लांबलं होतं आणि माझा आवाज पुन्हा चढला. दादा काही बोलले नाहीत.