किती पक्षी?

"किती पक्षी?" सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"एक."

"एक हजार?"

"नाही हो, एक. ही." शालनने पिशवीतून डोकं बाहेर काढून स्वतःची ओळख करून दिली.

त्याने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं. कोंबड्यांसाठी येतात ते शेडवाले, हजारांच्या हिशेबात बोलणारे. एका कोंबडीसाठी वेगळा केसपेपर म्हणजे सरकारी कागदाची नासाडी, असं त्याचं स्पष्ट मत चेहऱ्यावर उमटलं. शेवटी 'इतर' असं लिहून त्याने कागद सरकवला. शालन, 'इतर'!

शालनच्या डाव्या डोळ्याच्या वर, तुऱ्याच्या बुडाशी बोराएवढं टेंगूळ आलं होतं. डोळा अर्धा मिटलेला. त्यामुळे ती सगळ्या जगाकडे संशयाने बघतेय असं वाटायचं. तो संशय किती रास्त होता ते बाकावर बसल्या बसल्या कळलं.

शेजारी एक आजोबा होते, पटकेवाले. त्यांची शेळी पोत्याच्या झुलीत लपेटलेली. ते तिला बिस्किटाचे तुकडे करून भरवत होते, आणि प्रत्येक तुकड्यागणिक "खा गं बाय माझी" चाललं होतं. मला वाटलं, चला, प्राणी कळणारा माणूस भेटला.

"कोंबडी हाय व्हय?"

"हो आजोबा."

"किती भरंल?"

"वजन केलं नाही."

त्यांनी हात पुढे केला. मी शालन दिली नाही, तर बोटांनीच तिची छाती चाचपली. "दीड किलोला मरण न्हाय. गावरान दिसत्या. डोस्क्याला काय झालंय?"

"टेंगूळ आलंय. म्हणून तर आणलीय."

"आवं, मग डोस्कं खातंय कोण?"

मी गप्प. हा माणूस चुकीचं काही बोलतच नव्हता, हेच जास्त लागलं. त्यांनी पुढे तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से तपशीलवार सांगितले. गावरानाला शिजायला वेळ लागतो म्हणून चुलीवरच कशी करावी, खोबरं किती भाजावं, पांढऱ्यात खसखस कधी घालावी, सगळं शालनच्या कानाशी. कोंबडीला बाहेरचे कान दिसत नाहीत, पण पिसांखाली असतात, आणि तिला चांगलं ऐकू येतं.

"आजोबा, ही पाळलेली आहे."

"मग? आमी काय रानातल्या खाताव व्हय?"

समोरच्याच खुर्चीत एक ताई पॉमेरियन घेऊन बसल्या होत्या. त्याला नुसता शिंकेचा त्रास, तरी त्याच्या अंगावर शाल आणि शिपाई स्वतः पाण्याची वाटी घेऊन हजर. त्याचं वजन कुणी विचारलं नाही. राग मला त्या कुत्र्याचा नाही, वाटीचा आला. शालनला तहान लागत नाही का?

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "राणीखेत असेल." हिमालयातलं देखणं गाव, आणि आपल्याकडे निम्म्या लोकांना ते कोंबड्यांच्या मरीमुळे माहीत. मग दुसरा म्हणाला, "बर्ड फ्लू तर नव्हं?" झालं. 2006 साली नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्यांची केवढी कत्तल करावी लागली होती ते एकाला आठवलं, आणि बाक बघता बघता रिकामा झाला. शिपायाने आम्हा दोघींना बाहेर लिंबाखाली बसवलं. आत एक मेंढी सगळ्यांच्या अंगावर खोकत होती, तिला काही नाही! आजोबा मात्र शेळीसकट आमच्यामागून बाहेर आले. भीतीपेक्षा आशा मोठी.

डॉक्टर आले ते लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणावरून, घामाघूम. त्यांनी शालनची चोच उघडून बघितली, नाकपुड्या दाबल्या. पाणी नाही, घाण वास नाही, घरघर नाही, विष्ठा नीट, खाणं चालू. "फ्लू नाही, कोरायझा म्हणजे कोंबड्यांची सर्दी, तीही वाटत नाही. दुसऱ्या कोंबडीने टोचलंय, आत पू धरलाय." छोटा छेद दिला. मला वाटलं होतं पू वाहील, पण आतून चिमट्याने एक घट्ट, पिवळा, कडक गोळा अख्खा निघाला. पक्ष्यांचा पू पातळ होत नाही म्हणे. पातळ करणारं द्रव्यच त्यांच्या पांढऱ्या पेशींत नसतं, त्यामुळे तो आत घट्ट होऊन बसतो आणि नुसता शेकून उतरत नाही. शालन हूं की चूं करत नव्हती. आजोबा मान लांबवून बघत होते.

"औषध चालू आहे तोवर आणि नंतरही काही दिवस अंडी खायची नाहीत," डॉक्टर म्हणाले. "कापायचीही नाही."

"कापायची बी न्हाय?" हे आजोबा.

औषधाच्या दुकानात पुन्हा "किती पक्षी?" सुटं मिळत नाही. पाण्यातून द्यायच्या त्या पावडरीत गावातल्या सगळ्या शेडचं भागलं असतं. ते पाकीट आता हळदीच्या डब्याशेजारी आहे आणि घरातले मलाच दोष देतात.

निघताना आजोबांनी माझा नंबर घेतला होता. "काय बरंवाईट झालंच तर सांगा, वाया नको जायाला." काल फोन आला.

"हाय का अजून?"

"आहे. टेंगूळही उतरलं." पलीकडून उसासा. मग मीही विचारलं, "तुमची शेळी किती भरेल हो, आजोबा?"

"लाज वाटत न्हाय का बाई इचारायला?" म्हणाले, आणि फोन ठेवला.