बंडूभाऊंचा सरदार

"आला काल! चार दिवसांनी आला माझा सरदार!" बंडूभाऊंनी गोकुळपेठेतल्या पानठेल्यावर पाय ठेवताच जाहीर केलं. तोंडात खर्रा, म्हणून हनुवटी आभाळाकडे. "गाल हा असा सुजला, पू येऊन राहिला. पण रुबाब पाहा! मांजर म्हणजे वाघाची मावशी. तिले दाराआड कोंडणं पाप आहे, लिहून ठेवा."

निशाताईंचं मेडिकल समोरच आहे. रविवारचे तर्रीपोहे संपवून त्या हात धुत होत्या.

"म्हणूनच काल पॅरासिटामॉल मागायले आले होते का, भाऊ?"

"अर्धीच तर देत होतो."

"दिली असती तर आज त्याले पुरायची जागा शोधत असते. मांजराच्या शरीराले ती गोळी निभत नाई. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं सोडते, हिरड्या तपकिरी पडतात. एका गोळीत जीव जातो. ते गळू डॉक्टरनं फोडून साफ करावं लागते. नसबंदी केली का त्याची?"

बंडूभाऊ दोन पावलं मागे सरकले, जसं काही त्यांनाच टेबलावर घ्यायचं होतं. "मर्दाचा बोका आहे तो, ताई!"

"म्हणूनच चार गल्ल्या ओलांडून मार खाऊन येतो."

पिंट्या खो खो हसला. त्याला हसायचा काही अधिकार नव्हता. त्याच्याकडे हस्की आहे, बर्फात गाड्या ओढणाऱ्या जातीचा, आणि राहतो नागपुरात. एप्रिलपासून त्याने कुत्र्याला खाली आणलेलंच नाही. बंडूभाऊंना आयता मोका मिळाला.

"तू हसू नको बे! तुझे बाबा खसच्या कुलरसमोर आन् कुत्रं एसीत. पेन्शन येते का त्याले?"

"पंचेचाळीस डिग्रीत मारू का मग त्याले?"

"मारायचं नाई, पहाटे पाचले न्यायचं," निशाताई म्हणाल्या. "कुत्र्याले आपल्यासारखा अंगभर घाम येत नाई, जीभ काढून धापा टाकूनच तो थंड होतो. डांबरावर हाताची मागची बाजू टेकव. पाच सेकंद ठेवता नाई आली तर त्याचे पंजे भाजतात. पण चार महिने चार भिंतींत ठेवला तर सोफा फाडीनच तो."

"मग तुमची मांजरही कैदीच ना?" बंडूभाऊ परत उसळले.

"गॅलरीले जाळी आहे, खिडकीत बसायले फळी आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास मी तिच्यासंगे अंगणात बसते. तुमचा सरदार चार दिवस कुठं होता, माहीत होतं तुमाले?"

यावर बंडूभाऊंनी पिंक टाकली.

मी निशाताईंच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. आमची मनी अशीच मोकळी फिरायची. एका सकाळी रस्त्याच्या कडेला सापडली. चाकाखाली आली होती. तिला बाहेर हिंडू देण्यात आपण तिच्यावर मेहरबानी करतोय असं मला वाटायचं. मांजराला शिकार हवी, उन्हाची तिरीप हवी, चढायला उंच जागा हवी. ते सगळं तिला देता येतं. तेवढा वेळ मी दिला नव्हता.

"मोकाट कुत्र्यांचं कोर्टातलं पाहून राहिले ना?" पिंट्यानं विषय फिरवला. "२०२२ मध्ये तर हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं, खाऊ घालायचं तर घरी न्या."

"ते सुप्रीम कोर्टानं थांबवलं," बंडूभाऊ म्हणाले. त्या दिवसांत पिशवीतले पाव लपवून हिंडणारे तेच.

"मोकाट जनावरं काय आभाळातून पडतात?" निशाताई म्हणाल्या. "सरदाराची लेकरं किती गल्ल्यांत आहेत मोजा एकदा. बरं, नात त्याले मांडीवर घेते ना? रेबीजची लस टोचली?"

"मांजराले कायचा रेबीज!"

ठेल्यावर एकदम शांतता झाली. निशाताईंचा आवाज खाली आला. "मांजर चावली तरी होतो, भाऊ. दरवर्षी लस टोचा. पोरीले चावला, ओरबाडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं धुवायचं अन् त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसली की मग कोणाच्याच हातात काही राहत नाई."

बंडूभाऊंनी खर्रा थुंकला. हनुवटी पहिल्यांदा खाली आली. पण पिंट्यासमोर हरायचं त्यांच्या रक्तातच नाही.

"याच्या आधीच्या कुत्र्यानं काय केलं होतं, विसरला का बे? तान्ह्या पोळ्याले माझ्या भाच्याच्या लाकडी नंदीचा पाय खाल्ला! पोट्टा तीन पायांचा बैल घेऊन उभा राहिला होता!"

"उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं ना पण!"

"दया आली म्हणून दिलं बे त्यायनं!"

ठेलेवाल्याच्या हातातलं पान खाली पडलं, इतके सगळे हसले. निशाताई डोळे पुसत उठल्या.

"उद्या अकराले सरदाराले घेऊन या. सेमिनरी हिल्सवर, पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात नेऊ."

"पिशवीत बसत नाई तो, ताई. फाडते."

"उशीच्या अभ्र्यात घाला. अंधारात गप बसतात."

बंडूभाऊ दहा पावलं गेले आणि वळून ओरडले, "अभ्रा लहान आणू का लोडाचा?"