सरकार भाडं भरतं, तरी थकतं कसं?

"इंग्लंडमध्ये बेनिफिटवाल्यांचं घरभाडं सरकारच भरतं. तरीही थकतं, म्हणजे पैसे उडवले. आणि जास्तीची खोली परवडत नसेल तर लहान घरात जावं." या ना त्या शब्दांत हा मजकूर फिरत असतो. पुढे ढकलणारे आपल्यातले बरेच जण वर्क व्हिसावर असतात. त्यांना बेनिफिट म्हणजे सरकारी भत्ताही नाही आणि कौन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, घरही नाही, त्यामुळे आतला हिशेब बघायची वेळच येत नाही. तो बघू.

"सरकारच भरतं." जुन्या हाउसिंग बेनिफिटमध्ये कौन्सिलच्या भाडेकरूचं भाडं परस्पर वळतं व्हायचं. 2013 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या, अनेक भत्ते एकत्र करणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये भाड्याची रक्कम भाडेकरूच्या हातात पडते, महिन्यातून एकदा आणि महिना उलटल्यावर. घर भाड्याने देणाऱ्या संस्थेला (कौन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनला) थेट पैसे हवे असतील तर साधारण दोन महिन्यांची थकबाकी व्हावी लागते किंवा भाडेकरूला पैसे सांभाळणं जमत नाही हे दिसावं लागतं. म्हणजे आधी बुडायचं, मग दोर! उत्तर आयर्लंडमध्ये मात्र भाडं थेट संस्थेला देणं हीच मूळ पद्धत आहे आणि स्कॉटलंडमध्ये भाडेकरू तसं मागू शकतो.

"पैसे उडवले." एकटा, पन्नाशीचा माणूस धरा. घर दोन बेडरूमचं, भाडं आठवड्याला 110 पौंड. त्याने 3 मे 2025 ला नवा अर्ज केला. हिशेबाचा महिना 2 जूनला संपणार आणि पैसे 9 जूनच्या सुमारास येणार. तोवर पाच सोमवार गेले, म्हणजे 550 पौंड भाडं चढलं. आगाऊ रक्कम मिळते, पण ती उसनवारी असते.

आता महिन्याचं गणित. 110 गुणिले 52 भागिले 12, म्हणजे 476.67 पौंड. एक खोली जास्तीची ठरल्यामुळे 14 टक्के कापले, 66.73 पौंड. (दोन किंवा अधिक खोल्या जास्तीच्या असत्या तर 25 टक्के.) हाच तो एप्रिल 2013 पासूनचा 'बेडरूम टॅक्स'. ही तूट त्याने जगण्याच्या भत्त्यातून भरायची. 2025-26 मध्ये पंचविशीपुढच्या एकट्या माणसाचा तो भत्ता महिना 400.14 पौंड होता. आगाऊ पूर्ण घेतली असेल तर 24 महिन्यांच्या हप्त्याने आणखी 33.75 जातात. उरले 299.66 पौंड. वीज, गॅस, किराणा, बस, फोन सगळं त्यातच. यातलं उडवायचं काय?

शिवाय गुणाकारातले ते 52 बघा. 2024-25 मध्ये 53 सोमवार आले. सोमवारी भाडं लावणाऱ्या संस्थेने त्रेपन्नाव्या आठवड्याचंही लावलं, तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या सूत्रात तो आठवडा नाहीच. इथे भाडेकरूने काहीही केलेलं नसताना खातं मागे पडतं.

"लहान घरात जावं." जावं, पण असेल तर. बऱ्याच भागांत या संस्थांनी वर्षानुवर्षं दोन-तीन बेडरूमची कुटुंबाची घरंच बांधली, एका बेडरूमची कमी. बदलीसाठी भाड्याचं खातं स्वच्छ लागतं, अशी अट अनेक ठिकाणी असते. म्हणजे कपातीमुळे थकलं आणि थकल्यामुळे कपातीतून सुटता येत नाही. खासगी एक खोली घेतली तर तिचं भाडं कित्येकदा जास्त, आणि सरकारी बचतही त्यात वाहून जाते. पेन्शनच्या वयाच्या भाडेकरूंना ही कपात लागू नाही. कित्येक रिकाम्या खोल्या तर त्यांच्याच घरांत असतात!

संस्थांचंही ऐका. भाडं हेच त्यांचं मुख्य उत्पन्न. त्यातूनच छपरं, बॉयलर आणि कर्जाचे हप्ते. 2016 पासून चार वर्षं इंग्लंडमध्ये या संस्थांच्या घरांचं भाडं दरवर्षी एक टक्क्याने उतरवायला लावलं होतं. त्यात थकबाकी वाढली की दुरुस्त्या पुढे ढकलल्या जातात आणि वसुलीला माणसं लावावी लागतात.

थकबाकी दिसली तर संस्थेने आधी भाडेकरूचं युनिव्हर्सल क्रेडिटचं खातं तपासावं. एप्रिलमध्ये भाडं बदलतं आणि नवा आकडा भाडेकरूने त्या ऑनलाइन खात्यात स्वतः नोंदवायचा असतो. ते राहिलं तर क्रेडिट जुन्याच भाड्यावर येत राहतं.