पांढऱ्या शर्टातला उमेदवार

मुलाखतीला पांढरा शर्ट घालावा, हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला तो सांगलीचा नसणार.

कुपवाड एमआयडीसीत अकरा वाजता मुलाखत. पद अकाउंट्स असिस्टंटचं. हरिपूरहून नऊलाच निघत होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "जातोयसच तर जाता जाता मार्केट यार्डातनं पट्टी घे की अडत्याकडनं." पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद. हळदवाल्यांच्या घरात 'जाता जाता'ला दिशा नसते. मी कलेक्टर व्हायला निघालो असतो तरी वाटेत मार्केट यार्ड लागलंच असतं.

यार्डात सौदे चालले होते. हळकुंड उचलायचं, कट्कन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि भाव बोलायचा. पाच सेकंदांत निकाल. मला हेवाच वाटला. 'पाच वर्षांनी तू स्वतःला कुठं बघतोस?' असं हळकुंडाला कुणी विचारत नाही. (उत्तर 'आमटीत' असं आलं असतं.)

पट्टी खिशात घालतोय तोच ओळखीच्या हमालमामांनी माझा टाय पाहिला. "इंटरव्ह्यू हाय व्हय? आगा लेका, भारीच!" असं म्हणून त्यांनी मायेनं माझ्या खांद्यावर थाप मारली.

मायेची जाणीव मला कंपनीच्या गेटवर झाली. वॉचमन रजिस्टर पुढं करत म्हणाला, "तारीख कधीची काढलीया?" मी म्हणालो, "आजचीच, अकराची." तो म्हणाला, "लगीन आणि इंटरव्ह्यू एकाच दिवशी?" मग खांद्याकडं बघितलं. पाचही बोटं स्पष्ट, पिवळीधमक.

पळत बाथरूम गाठलं आणि साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते त्याच गुणावर. पण हे माणसाला अकराला पाच मिनिटं कमी असताना आठवत नाही. मी घासत गेलो, पंजा लाल होत गेला. आत शिरलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि कुणाच्या तरी तावडीतून कसाबसा सुटून आल्यासारखा दिसत होतो.

समोर एक मॅडम आणि दोन साहेब.

"तुमचा वीक पॉइंट काय?"

"मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे," मी ओल्या, लाल खांद्यावर हात ठेवून म्हणालो.

"सकाळपासून तुम्ही चौथे," साहेब म्हणाले. "बरं, आमची कंपनी काय करते?"

वेबसाइट सकाळी बघायची ठरवली होती. ती सकाळ यार्डात गेली. "एक्स्पोर्ट," मी म्हणालो.

"कशाचा?"

"मालाचा."

माल म्हणजे मसाले, आणि त्यातही मुख्य हळद. मॅडमनी माझ्या खांद्याकडं बघून सोपा प्रश्न टाकला, "सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन कधी मिळालं?" 2018. बाबा हे प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर सांगतात. त्या क्षणी मला फक्त आयर्विन पुलाचं साल आठवलं. दिलं ठोकून, "1929."

"रेझ्युमे दाखवा," साहेब थकून म्हणाले.

मी खिशातला घडीचा कागद पुढं केला. मॅडमनी उलगडला आणि मोठ्यानं वाचला, "हळकुंड नऊ पोती, गड्डा दोन, हमाली, तोलाई..." माझा रेझ्युमे गाडीच्या डिकीत होता.

पण त्या हसल्या नाहीत. "सेलम जातीची का? शिजवली कशात? पॉलिश कुठं केली?" विचारू लागल्या. मी सांगत गेलो, किती दिवस वाळवली, गड्डा वेगळा का ठेवला, सगळं. मुलाखतीत पहिल्यांदाच मला सगळं येत होतं, आणि पद अकाउंट्सचं होतं.

शेवटी, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"पहिल्याच महिन्यात आठ दिवस रजा मिळंल का? अर्धा फड अजून काढायचा राहिलाय."

चार दिवसांनी मला ईमेल आला, 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' त्याच दुपारी बाबांना फोन आला, सॅम्पल पाठवा म्हणून. नंबर मॅडमना पट्टीवरनं मिळाला होता.

आईनं शर्ट धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकला. उन्हानं हळदीचा डाग उडतो, तसा उडाला. पुढच्या सोमवारी मिरजेत दुसरी मुलाखत होती. बूट घालत होतो, तर बाबा पिशवी घेऊन दारात उभे.

"जाता जाता," ते म्हणाले, "त्या मॅडमना एवढं सॅम्पल देऊन जा."