दोरीतल्या मण्यांबद्दल

नमस्कार दादा,

कबड्डीत डोकं आपटल्यापासून मुलाला वाचताना त्रास होतो. डोळे ६/६, सीटी स्कॅन नॉर्मल, तरी आम्ही डोळ्यांच्या व्यायामाच्या, म्हणजे थेरपीच्या, नावाखाली ‘दोरीत मणी घालून खेळवतो’, खानापूरहून दर आठवड्याला खेपा घालायला लावतो आणि तीन आठवड्यांत काडीचा फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या तपासणीतलं काही मी चारचौघांत मांडणार नाही. तुम्ही लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर देते.

६/६ म्हणजे एकेका डोळ्याला लांबचा तक्ता नीट दिसतो. वही वाचताना मात्र दोन्ही डोळे मिळून आत वळावे लागतात. डोक्याला मार बसल्यावर हाच ताळमेळ बिघडू शकतो. मग अक्षरं दोन दिसतात, ओळ सुटते, कपाळ ठणकतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर कळतं. हे कळत नाही. आणि पोर अभ्यास टाळतंय म्हणून बोलणी खातं, याचं मला फार वाईट वाटतं. वाचनाची चाचणी आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हीत ठेवलीय, नाहीतर भाषेची अडचण डोळ्यांच्या नावावर खपते.

आता ते मणी. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाशी. मधल्या मण्याकडे बघितलं की मणी एकच दिसावा, दोरी मात्र दोन दिसून त्याच मण्यावर फुली पडावी. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळत नाहीत. दोरी एकच दिसली तर मेंदूने एका डोळ्याचं चित्र गाळलंय. हे मुलाला स्वतःला दिसतं, म्हणून तो ते सुधारायला शिकतो.

मार लागलेली बरीच मुलं काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. त्यांना मी थेरपी सांगतच नाही. त्रास टिकला तरच सांगते, आणि तिला वेळ लागतो. डोळे आत न वळणाऱ्या मुलांवरची अमेरिकेतली चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात उपचार १२ आठवड्यांचे होते. ती मुलं डोक्याला मार लागलेली म्हणून निवडलेली नव्हती, पण दवाखान्यात थेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आला. घरी नुसता पेन्सिलचा व्यायाम (पेन्सिलकडे बघत ती नाकाजवळ आणायची) केलेल्यांत ४३ टक्क्यांना.

खेपांचा त्रास मला कळतो. पंधरवड्यातून एकदा या, मधला सराव व्हिडिओ कॉलवर बघते. फाइल घेऊन या, फेरतपासणीचे पैसे घेणार नाही. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर मात्र माझ्याकडे न येता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. आणि त्याचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत कबड्डीला पाठवू नका.