गळ्यात कॅमेरा, हातात पिशवी

निवृत्त माणसाला छंद हवा, असं सगळे सांगतात. दोन छंद असले तर ते एकमेकांच्या उरावर बसतात, हे मात्र कोणी सांगत नाही. मला फोटो काढायची हौस आहे आणि जुन्या वस्तू स्वस्तात पटकवायचीही. सरकारी नोकरीत लेखापरीक्षण करून ५८ व्या वर्षी सुटलो, तेव्हा वाटलं होतं की दोन्ही हौशी एकाच फेरीत भागतील. त्यासाठी पुण्याचा जुना बाजार आहेच. मंगळवार पेठेतला बाजार, पण भरतो बुधवारी आणि रविवारी. यात कोणाला काही वावगं वाटत नाही, पुणंच आहे.

अडचण अशी की गळ्यात कॅमेरा दिसला रे दिसला की भाव चढतो. समोरच्या पिशवीवाल्या गृहस्थाला जो पितळी डबा दोनशेला सांगितला, तोच मला सहाशेला. कॅमेरा मुलानं टाकून दिलेला आहे, पट्टा उसवलाय, झाकण हरवलंय, हे त्या विक्रेत्याला कसं कळावं? त्याच्या लेखी मी परदेशातून आलेला, निदान परदेशातल्या मुलाचा बाप.

बरं, भाव चढला तर चढला, फोटो तरी मिळावा. तोही नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की एकजण ताडपत्री ओढून माल झाकतो. "कॉर्पोरेशनचे का?" नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न, "मग कुठल्या चॅनलचे?" तेही नाही म्हटलं की संशय जास्तच बळावतो. काही जण मात्र खुशीत येतात, ते त्याहून वाईट. मला हवा असतो रिमोटच्या ढिगाऱ्यात पाय पसरून झोपलेला माणूस, आणि मिळतो ताबडतोब उठून, केस विंचरून, विकायला ठेवलेला गॉगल डोळ्यांवर चढवून ताठ बसलेला माणूस.

म्हणून मग कॅमेरा पिशवीत टाकावा, तर नेमकी तेव्हाच दृश्यं समोर येतात. डाव्या पायाचा बूट हातात धरून उजव्याच्या शोधात फिरणारे आजोबा. विकायच्या आरशात बघून दाढी करणारा विक्रेता. नळाच्या तोट्या, सायकलची पायडलं, बंद पडलेली मनगटी घड्याळं आणि या सगळ्याच्या मधोमध पाणी तापवायचा तांब्याचा बंब, आणि त्यावर बसून वडापाव खाणारं पोर. पिशवीची चेन उघडेपर्यंत पोर उठून गेलेलं असतं. बंब तेवढा उरतो, आणि त्याचा भाव विचारला की तो माझ्या पेन्शनच्या अंगावर येतो.

भाव करण्याचं माझं शास्त्र मी नोकरीतच शिकलो. हवी ती वस्तू हातात घ्यायची नाही. शेजारची, अजिबात नको असलेली उचलायची, तिच्यावर आक्षेप काढायचे, खाली ठेवायची आणि निघता निघता सहज विचारायचं, "आणि हे काय म्हणतोस?" सकाळी लवकर गेलं तर "काका, भवानी पण नाही झाली अजून" हे ऐकावं लागतं. त्यात थोडी सवलत असते. खरी स्वस्ताई संध्याकाळी, माल परत टेम्पोत चढवायचा कंटाळा आला की. पण तोवर निम्मा माल पोत्यात गेलेला असतो. म्हणजे बघायला मिळतं तेव्हा परवडत नाही आणि परवडतं तेव्हा दिसत नाही.

सगळ्यात मोह पडतो तो जुन्या कॅमेऱ्यांचा. आमच्या तरुणपणी घरोघरी असायचा तो आगफा क्लिक थ्री अजूनही ढिगात सापडतो. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो, मागे लाल काचेची खिडकी, तिच्यातून आकडा बघत रोल फिरवायचा. प्रकाशासाठी चित्रं, ऊन असेल तर सूर्य, नसेल तर ढग. यापलीकडे फोटोग्राफीत माणसाला काय हवं असतं, हे मला मुलाच्या कॅमेऱ्याचं जाडजूड माहितीपुस्तक वाचूनही समजलेलं नाही. पण गोम अशी की असा कॅमेरा पाचशेला मिळतो आणि त्यात घालायचा रोल त्याहून महाग पडतो. शिवाय पुण्याचे चार पावसाळे काढलेल्या भिंगात बुरशीची जाळी असतात. मी मोबाइलचा टॉर्च भिंगातून आरपार मारून बघतो. विक्रेता म्हणतो, "एकदम क्लीन आहे काका." मी म्हणतो, "आत जंगल आहे." तो म्हणतो, "मग जंगलाचे पन्नास कमी द्या."

एकदा याच माणसाकडून घेतलेला क्लिक थ्री पुढच्या बाजारात गळ्यात अडकवून गेलो, जरा मिरवावं म्हणून. त्यानं तो हातात घेतला, खटका दाबून बघितला, मान हलवली. "हा चालत नाही हो. विकायचाय का? दोनशे देतो."

बाजारातलं युद्ध एकवेळ परवडलं, घरातली आघाडी जास्त कठीण. सौभाग्यवतींचं मत असं की जुनी वस्तू म्हणजे कुणाच्या तरी मागे उरलेली वस्तू. स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडे रीत, त्यामुळे ही शंका लेखी पुराव्यानिशी सिद्ध होते. मी मोठ्या कौतुकानं एक तांब्या आणला होता, त्यावर टिपक्याटिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं, ‘मुंजीप्रीत्यर्थ आत्याकडून सप्रेम भेट’, खाली १९६८ साल. काय अक्षर होतं! मी त्याचे बारा बाजूंनी फोटो काढले. "दुसऱ्याच्या मुंजीचा तांब्या आपल्या देवघरात?" एवढं बोलून हिनं तो गच्चीवर जास्वंदीला पाणी घालायला दिला. त्या मुलाची मुंज वाया गेली नाही, जास्वंद छान फुलते.

तेव्हापासून खरेदी घरात आणायला मी दुपारची वेळ निवडतो, ही झोपलेली असते तेव्हाची. किंमत विचारली तर खऱ्या आकड्याच्या साधारण तिसरा हिस्सा सांगतो. जन्मभर लोकांची दुहेरी हिशेबवही पकडली, त्यामुळे ती कशी ठेवावी हे मला चांगलं ठाऊक आहे. फक्त लोखंडी खल आणला त्या दिवशी घात झाला. चोरपावलांनी जिना चढताना पिशवीचा बंद तुटला आणि खल उजव्या पायाच्या अंगठ्यावर. ओरडायची सोय नव्हती. नख काळंनिळं झालं, मग पिवळट होऊन वाकडं वाढलं. दाराला लागलं, असं मी सांगितलं. ‘दारं काय अंगावर येतात का?’ अशा नजरेनं हिनं पाहिलं.

आता त्या अडकित्त्याचं. पितळी, दोन्ही मुठींवर राघू, दोघांच्या चोची एकमेकांना लागलेल्या. आमच्या घरात सुपारी कोणी खात नाही. पण सुपारी खाणं वेगळं आणि राघू हवे असणं वेगळं. विक्रेता आठशे म्हणाला, मी तीनशे. तो साडेपाचशेपर्यंत उतरला, मी पाचशेवर अडलो. पन्नास रुपयांचा नाही, तत्त्वाचा प्रश्न होता. त्यानं शेवटचं आमिष म्हणून विचारलं, "पितांबरी लावून चकचकीत करून देऊ का?" मी जवळजवळ किंचाळलोच. पितळेवर चढलेला तो काळसर तपकिरी रंग यायला साठ वर्षं लागतात आणि जायला पाच मिनिटं.

एवढ्यात त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. "काका, एक फोटो काढून द्या की. माझी पोरगी माल मोबाइलवर टाकते, पण तिचे फोटो धुरकट येतात."

जन्मात पहिल्यांदा त्या बाजारात कोणी मला आपण होऊन फोटो काढायला सांगत होतं. मग मी हात राखला नाही. पितळेवर थेट ऊन पडलं की पांढरा डाग येतो, म्हणून ताडपत्रीच्या सावलीत वस्तू घेतली. खाली जुनं घोंगडं अंथरलं. एका बाजूनं वर्तमानपत्राचं पान धरायला लावलं, त्याचा उजेड राघूंच्या डोळ्यांत आला. वरून, पाय फाकवून, श्वास रोखून काढला. त्याला तिथल्या तिथे मोबाइलवर पाठवून दिला. त्यानं चहा पाजला. अडकित्ता बुधवारी पाचशेला उचलायचा, असं मनाशी ठरवून मी घरी आलो.

बुधवारी तो लांबूनच ओरडला, "काका, काय फोटो काढलाय! दोन हजाराला गेला!" त्यानं मला पुन्हा चहा पाजला. क्रीमरोलसुद्धा दिला. वर एक हंडा आणि दोन समया पुढे सरकवल्या, "यांचे पण काढा."

दिवाळीला मुलगी माहेरी आली. पाडव्याच्या सकाळी माझ्या हातात खोकं दिलं. वर फुगेवाल्या प्लॅस्टिकचे पाच थर, आत राघू.

"बाबा, तुम्हाला आवडतं ना असलं! ऑनलाइन शोधून मागवलाय, खास."

सौभाग्यवतींनी अडकित्ता हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. कुणाच्या मागे उरलाय वगैरे काही निघालं नाही. "याला म्हणतात पारख," मला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही आणता ती भंगारं."

"आई, मी तर फोटो बघूनच घेतला. हा बघ."

हिनं चष्मा लावला. "अगं बाई, किती सुरेख. बघा जरा, फोटो असे काढायचे असतात. तुम्ही नुसतं ते धूड गळ्यात घालून हिंडता." आणि राघू नीट दिसावेत म्हणून दोन बोटांनी फोटो मोठा केला. तो भलतीकडेच मोठा झाला. घोंगडीची कड, मग खालचा कोपरा, मग एका चपलेतून डोकावणारा अंगठा.

ही बराच वेळ त्या नखाकडे बघत राहिली. मी पाय सोफ्याखाली ओढून घेतले आणि मुलीला विचारलं, "सुपारी आहे का गं घरात?"